अस्वलिणीने गिळलेल्या बिया

दवाखान्याच्या आवारातलं ते जुनं झाड वाळत चाललं होतं, आणि शहरात त्या जातीचं दुसरं झाड नव्हतं. फळं ढिगाने पडायची, पण बी काही रुजत नव्हतं. रोपवाटिका चालवणारी वहिनी (सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची) हट्टाला पेटली होती. तिने बिया भिजवल्या, घासल्या, कोमट पाण्यात ठेवल्या. कुंड्या ढिम्म.

"माती बदलून बघ," सासूबाई म्हणाल्या.

"माती बदलली, कुंड्या बदलल्या. आता मीच बदलायची राहिलेय."

नणंद प्राणिसंग्रहालयात जनावरांची डॉक्टर होती. जेवताना ती म्हणाली, "अगं, जंगलात ही फळं अस्वलं खातात. बी चावत नाहीत, अख्खी गिळतात."

वहिनीचा घास हातातच राहिला. "मग तुझ्या अस्वलिणीला घाल की!"

"घालते. पण पुढचं तू निस्तरायचंस."

अस्वलिणीने फळं हुंगली आणि मिटक्या मारत फस्त केली. दोन-तीन दिवसांनी नणंद झाकणाची बादली घेऊन आली. नवरा नाक दाबून ओरडला, "ही घाण माझ्या गाडीतून आणलीस?"

"काचा उघड्या ठेवल्या होत्या, दादा."

वहिनी परसात नळाखाली बसली. सासूबाई धावत आल्या. "अगं, ती माझी चाळण!"

"होती," वहिनी म्हणाली आणि बिया धुऊ लागली. गर पार निघून गेला होता. टणक, चकचकीत टरफल आता खरबरीत लागत होतं. काही बिया तिने धुऊन एका ट्रेमध्ये पेरल्या, काही दुसऱ्या ट्रेमध्ये तशाच विष्ठेसकट. शेजारच्या ट्रेमध्ये झाडाखालून वेचलेल्या बिया पेरल्या.

"यातून झाड येणार?" नवऱ्याने विचारलं.

"येणार."

वेचलेल्या बियांना बुरशी आली. अस्वलिणीच्या दोन्ही ट्रेंमध्ये मात्र एका सकाळी माती उचलली गेली होती. विष्ठेतली रोपं जास्त तरारलेली होती. वहिनीने अख्ख्या घराला हाका मारल्या. सासूबाई गुडघ्यावर बसून कोंब बघत राहिल्या. "जनावराच्या पोटाला तुझ्यापेक्षा जास्त कळतं गं," त्या म्हणाल्या. वहिनी खळखळून हसली. तिला ते मान्यच होतं.

पुढच्या वर्षी जुनं झाड कोसळलं. तोवर गुडघाभर उंचीची रोपं तयार होती. वहिनीने पहिलं रोप तिथेच लावलं, माती पायाने दाबली आणि नणंदेकडे वळली. "आता सांग, तुझे हत्ती काय काय खातात?"