रविवारची तपासणी

पद्मिनीबाई वर्ध्याहून आयर्लंडमधल्या कासलबारला आल्या तीन-चार महिने लेकाकडे आराम करायला, आणि दुसऱ्याच रविवारी सुनेच्या कामाला जुंपल्या गेल्या. क्षितिजाला एक पोट हवं होतं.

चौदा वर्षं वॉर्डात नर्स म्हणून हाडं झिजवल्यावर चाळिशीच्या तोंडावर तिने मास्टर्सला नाव घातलं होतं. पास झाली की, तिथे नर्सलाही मुभा असते तशी, फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात ती स्वतः रोगी तपासणार होती, निदान करणार होती, औषध लिहून देणार होती. सलाइन तिने डोळे मिटून लावलं असतं, पण पोटावर हात ठेवून आत काय आहे ते ओळखायचं काम आजवर डॉक्टरांचं होतं. हात शिकतो तो सरावाने. नवऱ्यावर, अंबरीशवर, सराव करून पाहिला, तर तो दोन मिनिटांत गुदगुल्यांनी लोळायला लागला. शिवाय वीस वर्षं कॉम्प्युटरपुढे बसून वाढवलेलं ते पोट, त्यात काही हाताला लागेल तर शपथ.

"माह्यं घे ना मंग," पद्मिनीबाई म्हणाल्या. "वाळक्या बाईचं पोट हाये. सारं सापडन तुले."

तेव्हापासून दर रविवारी नाश्ता झाला की पद्मिनीबाई सोफ्यावर आडव्या होत. क्षितिजा आधी हात गरम पाण्याखाली धरायची, मग पोटावर ठेवायची. "श्वास घ्या, आई. सोडा." उजव्या बरगडीखाली, श्वास आत गेला की, लिव्हरची कड बोटांना येऊन टेकायची. बारीक माणसात ती लागू शकते, असं पुस्तकात होतंच. पहिल्यांदा सापडली तेव्हा क्षितिजाला कोण आनंद झाला होता! तिने वहीत लिहिलं, 'लिव्हरची कड दोन बोटं. नॉर्मल.' असे नऊ रविवार झाले आणि नऊही वेळा तिने तेच लिहिलं.

पद्मिनीबाईंची कॉलर ताठ. वर्ध्याला फोन लावला की पहिलं वाक्य ठरलेलं: "माही सून दर आठवड्याले तपासते मले. ठनठनीत हाये म्हनते." मधल्या काळात त्यांचं जेवण कमी झालं, एका पोळीची अर्धी झाली, ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. एकदा डॉक्टरला दाखवू या, असं अंबरीशने सुचवूनही पाहिलं. "घरात डॉक्टरीन असतानी?" पद्मिनीबाईंनी त्यालाच झापलं, आणि क्षितिजा हसली. ते हसू पुढे तिला फार महागात पडलं.

दहाव्या आठवड्यातल्या गुरुवारची गोष्ट. दवाखान्यात डॉक्टर नूआला यांच्या देखरेखीखाली ती रोगी तपासत होती. पोट दुखतं म्हणून एक शाळामास्तरीण आली होती, रोज धावायला जाणारी, काटकुळी. क्षितिजाने हात ठेवला, श्वास घ्यायला लावला. काही नाही. पुन्हा प्रयत्न केला. काही नाही.

"मला लिव्हर सापडत नाहीये," ती ओशाळून म्हणाली.

नूआलाने आपला हात तिच्या हातावर ठेवून हलकेच दाबला. "आता. ही आली, ही गेली. कळली?"

कळली, जेमतेम. काहीतरी मऊ बोटांखालून निसटून गेलं होतं.

"ग्रँड. हीच नॉर्मल."

"इतकी मऊ?" क्षितिजाच्या तोंडून निघून गेलं. "आणि टणक असली तर? कड उंचसखल लागली तर?"

बाई कपडे सारखे करून गेल्यावर नूआलाने दार लावलं आणि विचारलं, "कोणाची लागली तशी?"

क्षितिजा घरी आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पद्मिनीबाई खिडकीशी मेथी निवडत होत्या. तपासायचंय म्हटल्यावर त्या नवलाने म्हणाल्या, "आज त गुरुवार हाये." तरी आडव्या झाल्या. हात गरम करायचं क्षितिजा विसरली. बर्फासारखी बोटं बरगडीखाली गेली, श्वास आला आणि ती ओळखीची कड टेकली. टणक, गाठीगाठींची. नऊ आठवडे ती कड हेच सांगत होती.

दवाखान्यात स्कॅन करून घेऊ, वय झालं की करतात, असं म्हणून भागलं असतं. वही तिची होती, आणि काय लिहिलंय ते घरात कोणी वाचणार नव्हतं. पण त्या पोटावर हात असताना तिला खोटं बोलता येईना.

"आई, मी चुकले. इथे काहीतरी आहे. पहिल्या रविवारपासून आहे. मी तुमच्यावरच शिकले ना, मला वाटलं सगळ्यांचं असंच लागतं."

पद्मिनीबाई उठून बसल्या. पदर सारखा केला. म्हणाल्या, "अन् मी साऱ्या वर्ध्याले सांगत सुटली, ठनठनीत हाये म्हनून." मग मेथी तशीच टाकून खोलीत गेल्या. पुढचे चार दिवस त्या सुनेशी कामापुरतंही बोलल्या नाहीत.

स्कॅन झाला, मग आणखी तपासण्या. आतड्यात सुरू झालेला कॅन्सर लिव्हरभर पसरला होता. हॉस्पिटलमधला डॉक्टर भला माणूस होता. नऊ आठवडे आधी कळलं असतं तरी फारसा फरक पडला नसता, असं त्याने सांगितलं. अंबरीशने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. बायकोला त्याने एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. फारसा नाही म्हणजे थोडा तरी पडला असता, हे क्षितिजाला कोणी समजावून सांगायला नको होतं. तिने मास्टर्सची पुस्तकं खोक्यात भरली.

पद्मिनीबाईंना आपल्या घरी जायचं होतं. सोमवारचं विमान ठरलं. रविवारी नाश्त्याच्या बशा क्षितिजा विसळत होती, तेव्हा बाहेरच्या खोलीतून हाक आली.

"येतं का? का आज सुट्टी हाये?"

पद्मिनीबाई सोफ्यावर आडव्या झाल्या होत्या. पोट आता वर आलं होतं, बाकी अंगावर काही उरलं नव्हतं.

"आई, नको. मी सोडलंय ते."

"सोडाले काय झालं? उद्या दुसऱ्या कोनाच्या पोटात हे राहीन, अन् त्याच्यावर हात ठेवाले तूच राहशीन. तवा चुकशीन का पुन्हा?" त्यांना धाप लागली. "बऱ्या मानसाचं पोट कसं लागते थे दवाखान्यात शिकली. आता हे शीक. वही आन. अन् खरं लिही."

क्षितिजा रडायलाच लागली. "आई, मला माफ—"

"थे नोको मांगू," पद्मिनीबाई म्हणाल्या. "माह्याच्यानं अजून होत नाई थे. झालं त फोन करीन. पन शीक."

क्षितिजा नळाशी गेली. हात चांगले गरम होईपर्यंत पाण्याखाली धरले, पुसले, आणि परत येऊन बरगडीखाली ठेवले.

"श्वास घ्या, आई."

पद्मिनीबाईंनी, जमेल तेवढा, घेतला.