पदकावरची जमीन

सोन्याचं पदक सोन्याचं नसतं. आत पितळ, वर सोन्याचा मुलामा. हे सांगितलं की लोक माझ्याकडे असं बघतात, जणू सोनं मीच चाटून खाल्लं! मी फक्त ठसे कोरतो. पोलादात जेवढं खोल कोरावं, तेवढं पदकावर उठून दिसतं.

या खेपेला काम होतं बायकांच्या चालण्याच्या शर्यतीचं. समितीला टाचांना पंख हवे होते. विजयाचं प्रतीक म्हणे! चालणारीला पंख कशाला? मी साफ नकार दिला, नुसती चालणारी बाई कोरली आणि शिशावर उठवलेला नमुना बायकोला दाखवायला घरी आणला. ती याच शर्यतींची पंच. कौतुक होईल या आशेने चहाही मीच केला.

तिने चष्मा लावला, पर्स उघडली आणि माझ्या नाकासमोर लाल कार्ड धरलं.

"बाद!"

"अगं, पदक आहे ते."

"दोन्ही पाय हवेत आहेत हिचे. एक तरी पाय सतत जमिनीला टेकलेला हवा, एवढंही ठाऊक नाही? पंख नाकारलेत आणि तरी उडवलीत की हो हिला!" मग तिने नमुना डोळ्यांजवळ नेला. "ही वेणी माझी आहे."

मी कप खाली ठेवला. तरुणपणी शेवटच्या शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढे होती आणि दोन्ही पाय उचलले म्हणून पंचाने तिला बाद केलं. तेव्हापासून त्या पंचाच्या डोळ्यांचा उद्धार आमच्या घरी रोज होतो. मी रोज मान डोलावतो.

"म्हणजे तुम्हालाही तसंच दिसलं होतं?"

"मी कुठे पंच होतो? मी तुला बघत होतो. मला तर तू तरंगतानाच दिसलीस."

हे कौतुक की आरोप, तिला कळेना. खरं तर मलाही. ती उठून आत गेली आणि मला फार वाईट वाटलं.

सकाळी ठसा पुढ्यात घेतला. कोरलेलं पोलाद पुन्हा भरून येत नाही, त्यामुळे पाय खाली आणणं अशक्य. पण आणखी कोरता येतं. मी पायाखाली जमीन कोरत गेलो, थेट तिच्या अंगठ्याला भिडेपर्यंत. समितीने विचारलं तर सांगणार होतो, रस्त्याला चढ आहे.

संध्याकाळी तिने नव्या नमुन्यावरून अंगठा फिरवला. त्या उंचवट्यावर तो बराच वेळ थांबला. तिचे डोळे भरून आले.

"बघा," ती म्हणाली, "टेकलेलाच होता."

मी रोजच्यासारखी मान डोलावली.