माहेरी गेलेल्या अकरा जणी

अदिस अबाबातल्या कचेरीत सिराकच्या संगणकावर गोज्जाम प्रांतातल्या एका गावापुढे लाल अक्षरं उमटली होती : सातव्या महिन्यानंतर अकरा गरोदर बायका तपासणीला गैरहजर. आरोग्याच्या नोंदी टॅबवर आणणारी ही व्यवस्था सिराकनेच बांधलेली. घरटी एक फाइल, आणि ती फक्त त्या गावच्या आरोग्यसेविकेलाच उघडणारी. कागदाचा पसारा नको म्हणून बायकांच्या हातातलं तपासणीच्या नोंदींचं जुनं कार्डही त्याने बंद केलं होतं. "सेविका कामचुकार दिसते," म्हणत तो स्वतः जाब विचारायला निघाला. कचेरीतल्या माणसाला दुसऱ्याचा आळस किती लवकर दिसतो!

सेविका झेनेबेच पन्नाशीची. तिने आधी कॉफीचे दाणे भाजायला घेतले.

"ताई, कॉफी राहू दे. या अकरा जणी आहेत कुठे?"

"माहेरी."

"सगळ्या?"

"पहिलटकरणी आहेत रे. पहिलं बाळंतपण आईकडेच. तुझी आई कुठे गेली होती तुझ्या वेळी?"

सिराक वरमला. तोही आजोळीच जन्मला होता.

"मग कळवायचं नाही का?"

"तीनदा लिहिलं शेऱ्याच्या रकान्यात. वाचतं का कुणी?"

कुणीच वाचत नव्हतं. तो रकाना सिराकने नुसता समाधानापुरता ठेवला होता.

"त्यातली अस्नाकू," झेनेबेच म्हणाली. "रक्तदाब वाढलेला. मोठ्या दवाखान्यातच बाळंत व्हायचं, असं मी टॅबवर लिहून ठेवलं. नदीपलीकडे, तिच्या माहेरच्या सेविकेने नाव घातलं, तर टॅब म्हणतो, अशी व्यक्ती या गावात नाही! पूर्वी पोरी कार्ड गाठोड्यात बांधून न्यायच्या, साहेब. पोरीला आकडी आली तेव्हा कुठे धावपळ झाली. ती वाचली. बाळ गेलं."

सिराकने अस्नाकूच्या माहेरची वाट विचारून घेतली. दुपारी तो नदी ओलांडून अस्नाकूच्या माहेरी गेला. बाळंतिणीच्या गेन्फोसाठी, त्या घट्ट लापशीसाठी, आईने दळून ठेवलेल्या पिठाला कुणी हात लावला नव्हता. अस्नाकू भिंतीला टेकून बसली होती.

"मी सांगितलं होतं इथल्या सेविकाताईंना, माझ्या गोळ्या चालू होत्या म्हणून," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या, यात तर काहीच दिसत नाही."

"चूक माझी आहे. ती टॅबची व्यवस्था मीच बांधली. मी कुणाला विचारलंच नाही. मला माफ कर."

"माफ करून माझं बाळ येणार आहे का? बाकीच्या दहा जणी अशाच बसल्यात आईकडे. त्यांना गाठा आधी."

त्या आठवड्यात सिराकने झेनेबेचच्या शेजारी बसून दहा कार्डं हाताने लिहिली आणि माहेरोमाहेरी पोचवली. पुढे नोंद बाईबरोबर जाईल, कुठल्याही गावात उघडेल, अशी व्यवस्था त्याने नव्याने बांधली. शेऱ्याचा रकाना तो आता रोज वाचतो.

बंधुभगिनींनो, यंत्र कितीही हुशार असो, माणसं कशी राहतात, केव्हा कुठे जातात, हे त्यांनाच विचारावं लागतं. आणि ते आधी विचारावं लागतं. सिराकने नंतर विचारलं, आणि त्या उशिराची किंमत अस्नाकूने मोजली.