मन वाचणारं मतयंत्र

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. आमचा हातमोज्यांचा कारखाना सहकारी, म्हणजे मालक आम्ही कामगारच, आणि सगळे मालक एका तांब्याच्या पत्र्यापुढे रांग लावून उभे होते. दिवे मालवलेले, कारण आत्मलहरींना म्हणे उजेड सोसत नाही. पत्र्यामागे यंत्रगुरू डोळे मिटून बसलेले. पत्र्यावर तळवा टेकवायचा, मनात ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणायचं. यंत्र गुणगुणायचं, हिरवा दिवा लागायचा, झालं मतदान.

“चिठ्ठी फसवते, वर केलेला हात भितो,” गुरू सांगत होते. “हे यंत्र मनाच्या तळातलं टिपतं. वरवरचं मन लबाड असतं, बाळांनो.”

प्रश्न एकच होता: हातशिलाईचा विभाग बंद करायचा का? विभाग माझा. नवरा गेल्यापासून दिवसभरात माझ्याशी कुणी चार शब्द बोलायचं ते त्या बाकावरच. घरी मी आणि नणंद. तीही याच कारखान्यात, पण मुळातच अबोल. बाक गेला की मी कुणाशी बोलणार होते?

गुरूंनी पत्र्याखालच्या पेटीला कान लावला आणि निकाल सांगितला: एकमताने बंद. लोकांनी हात जोडले. आमच्याकडे पंखा लावायचा की नाही यावरून आठवडाभर भांडणं चालतात. तिथे एकमत, म्हणजे चमत्कारच की!

मी उभी राहिले. “मी नको म्हटलं होतं. माझं मत कुठे गेलं?”

“ताई, वरच्या मनाने नको म्हणालात. तळात हो होतं.”

“मग कुणाचं काय नोंदलंय ते दाखवा. मोजून बघू.”

“लहर मोजायला गेलं की विटते.”

गुरूंना आणलं होतं आमच्या अध्यक्षांनी, आणि विभाग बंद करायचा हट्टही त्यांचाच. ते हसले. “मावशी, सगळं जग एकीकडे आणि तुम्ही एकीकडे.”

तेव्हापासून मी खरंच एकीकडे पडले. जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. घरी नणंद ताट वाढून आत निघून जायची. आणि खरं सांगते, रात्री मलाही वाटायचं, असेल का बाई माझ्या मनाच्या तळाशी ‘हो’? स्वतःच्याच मनाची खात्री नसणं फार वाईट. नवरा गेला तेव्हाही मी इतकी एकटी नव्हते.

पण मी हातमोजेवाली आहे. मोजा शिवून झाला की तो लाकडी पंजावर चढवून तपासायचा, हा आमचा रोजचा धंदा. डोळ्यांना बरा दिसला म्हणून आम्ही मोजा पास करत नाही.

ठराव पक्का व्हायला दुसऱ्या सभेत पुन्हा मत घ्यावं लागतं. त्या सभेला मी पदराखाली लाकडी पंजा घेऊन गेले. त्यावर कातडी रंगाचा मोजा चढवला होता. अंधारात माझी पाळी आली तेव्हा मी पंजा पत्र्यावर ठेवला आणि माझे दोन्ही हात पाठीमागे बांधले.

यंत्र गुणगुणलं. हिरवा दिवा लागला.

“मन निर्मळ आहे,” गुरू म्हणाले. “मत पोचलं.”

“दिवे लावा,” मी म्हटलं.

दिवे लागले. पत्र्यावर पंजा एकटाच पडला होता.

“लाकडातही जीव असतो,” गुरू चाचरले.

“मग याला सभासद करून घ्या. रजा तरी मागणार नाही.”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मी पत्रा उचलला. खाली बॅटरी, दिवा आणि गुणगुणणारी डबी. तिथून निघालेली वायर थेट गुरूंच्या पायाखालच्या बटणापर्यंत. मत साठवायला काहीच नव्हतं. निकाल आधीच ठरलेला, तो फक्त गुरूंच्या तोंडून यायचा होता.

नणंद उठली. “वहिनी, मीही नकोच म्हटलं होतं. मला वाटलं, माझंच मन खोटं.”

“मीही,” कटिंगवाला म्हणाला. मग एकेक जण बोलू लागला.

तिथल्या तिथे चिठ्ठ्या झाल्या. चिठ्ठ्यांची रिकामी पेटी आधी उलटी करून सगळ्यांना दाखवली. दोन्ही बाजूंची माणसं टेबलाशी बसली. एकेक चिठ्ठी उलगडून, वाचून, वर धरून दाखवली. आलेली माणसं आणि निघालेल्या चिठ्ठ्या जुळवल्या. मग दुसऱ्यांनी पहिल्यापासून पुन्हा मोजल्या.

आम्ही हरलो, थोड्याच मतांनी. अध्यक्षांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. सरळ मार्गानेही जिंकला असता, अशा माणसाने उगाच भोंदू आणला होता. पुढच्या सभेत त्यांची खुर्ची गेली, तीही मोजूनच.

विभागाला कुलूप लागलं. आता मी पॅकिंगमध्ये खोकी बांधते. शेजारी यंत्राची धडधड, कुणाचं बोलणं ऐकू येत नाही. बाकाची आठवण येते, रडूही येतं. पण माझं मत त्या मोजणीत होतं आणि ते कमी पडलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. रात्री झोप लागते.

म्हणून सांगते. मत कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण मोजणारा बाबा असो, साहेब असो की मशीन, त्याला म्हणा, कागद दाखव, आमच्यासमोर मोज, पुन्हा मोज. ‘विश्वास ठेवा’ म्हणणाऱ्यावर नाही, ‘तपासा’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवा. जिंकणारा तर कसलाही निकाल मानतो. हरणाऱ्यालाही पटला पाहिजे.