नऊ नंबरचा उसासा

समुपदेशन केंद्राच्या तळघरात ऐकायची एक खोली होती. भिंतींना राखाडी स्पंज, एक टेबल, एक हिरवी खुर्ची, हेडफोन, आणि छताला लागून एक आडवी खिडकी. खिडकीतून रस्त्यानं जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. या खोलीत बसून आमची संशोधक दुसऱ्यांची शांतता ऐकत असे. घरात तिचं नाव रेडिओ. लहानपणी तिच्या तोंडाला म्हणून विसावा नसायचा, त्यावरून पडलेलं. अशा मुलीनं प्रबंधाला विषय काय घ्यावा, तर सल्ला घ्यायला आलेली माणसं बोलता बोलता गप्प होतात तेव्हा काय घडतं. आत्यानं हे ऐकलं तेव्हा हसून हसून तिला ठसका लागला होता.

शहरातल्या वेगवेगळ्या केंद्रांतून तिच्याकडे ध्वनिमुद्रणं येत. विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी ज्यांनी सही करून परवानगी दिली, फक्त त्यांची. नावं कापलेली असत आणि आवाज यंत्रानं असे बदललेले की प्रत्येक जण विहिरीच्या तळातून बोलल्यासारखा वाटे. माणसाला नाव नाही, नंबर. रेडिओनं शब्दन् शब्द लिहून काढायचा आणि शांतता आली की ती कुठल्या जातीची ते शेजारी मांडायचं: विचारात पडलेली, रुसलेली, रडू गिळणारी. नियम एकच, पण कडक. बोलणारा कोण हे ओळखलं, की त्या क्षणी हेडफोन काढायचे, ध्वनिमुद्रण परत करायचं आणि मार्गदर्शक बाईंना सांगायचं. पुढचा एक शब्दही ऐकायचा नाही.

दुपारच्या वेळी ऐकता ऐकता तिचे डोळे मिटत. मग एकाची शांतता कुठे संपली आणि दुसऱ्याची कुठे सुरू झाली ते कळेनासं होई. वरून चपला जात, बूट जात, एखादी सायकल जाई. तिला वाटे, आपण पाण्याखाली बसलोय आणि जग डोक्यावरून अलगद वाहतंय. तिला तिथे फार बरं वाटायचं. घरी हल्ली तेवढं बरं वाटत नव्हतं.

घरी बाबा होते. एका बांधकाम कचेरीत इमारतींचे आराखडे तपासायचं त्यांचं काम. रेडिओनं इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून मानसशास्त्र घेतलं तेव्हा ते नुसतं ‘बरं’ म्हणाले होते. भांडले असते तर परवडलं असतं. पुढे पुढे त्यांनी तिच्याकडे बघणंही सोडलं. ती समोर बसली की त्यांची नजर तिच्या कानापाशी जाऊन थांबे. आत्याकडे तिनं हे गाऱ्हाणं नेलं, तर आत्या म्हणाली, बापाचा राग कानावर निघतोय, डोळ्यांवर नाही, एवढं तरी नशीब समज. आत्याला सगळ्याचीच थट्टा सुचते. रेडिओला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

नऊ नंबर तिचा लाडका होता. संशोधकानं असं कुणाला लाडकं ठेवू नये म्हणतात, पण म्हणणाऱ्यांनी नऊ नंबर ऐकलेला नव्हता. तो थोडं बोले, मग गप्प होई, आणि त्या शांततेत दोन उसासे येत. एक लांब, लगेच दुसरा तसाच. मग बारीकशी कुरकुर ऐकू येई आणि टक् असा आवाज होई. दर वेळी तसंच. रेडिओनं त्या जोड-उसाशावर एक अख्खं प्रकरण उभं केलं. पहिला उसासा दुःखाचा, दुसरा ते दुःख स्वीकारल्याचा, खुर्चीची कुरकुर म्हणजे अस्वस्थता, आणि टक् म्हणजे हातातलं पेन टेबलावर ठेवून माणूस बोलायला तयार झाल्याची खूण. मार्गदर्शक बाईंनी त्या पानांवर ‘सुरेख’ असा शेरा दिला होता. रेडिओ चार दिवस हवेत होती.

शुक्रवारी नऊ नंबरचं नवं सत्र आलं. विहिरीतून आवाज आला, ‘घरी लेक आहे. तिला एक सांगायचंय. सांगितलं तर ती शिक्षण सोडून माझ्याजवळ बसेल. म्हणून सांगत नाही.’ मग शांतता. दोन उसासे, कुरकुर, टक्. तेवढ्यात शिपाई खोली बंद करायला आला आणि रेडिओनं यंत्र तिथेच थांबवलं. घरी जाताना तिला त्या अनोळखी लेकीचा हेवा वाटला. कुणीतरी आपल्याला काही सांगण्यासाठी एवढं झुरतंय, हेही नशीबच की.

रविवारी दुपारी ती कोचावर डोळे मिटून पडली होती. झोप लागत होती, पुरती लागत नव्हती. पडद्यातून आलेलं ऊन पापण्यांवर केशरी दिसत होतं. घर शांत होतं, आणि सवयीनं ती अर्धवट झोपेतच त्या शांततेची जात ठरवत होती. मागे खुर्चीत बाबा वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मग तिला ऐकू आलं. एक लांब उसासा. लगेच दुसरा. बारीकशी कुरकुर. टक्.

आपण तळघरातच आहोत असं क्षणभर तिला वाटलं. तिनं डोळे उघडले, मान वळवली. बाबांच्या हातात चष्मा होता. एका काचेवर त्यांनी तोंडानं वाफ सोडली होती, मग दुसऱ्या काचेवर. सदऱ्याच्या टोकानं त्या पुसताना कापड काचेवर कुरकुरलं होतं, आणि चष्म्याची सैल काडी उघडताना टक् वाजली होती. चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी वर्तमानपत्र जवळ धरलं, लांब धरलं, आणि पुन्हा चष्मा काढला. पुन्हा वाफ.

रेडिओ पडून राहिली. आधी तिला हसू आलं, कारण ‘सुरेख’ शेऱ्याचं ते अख्खं प्रकरण म्हणजे एका माणसानं चष्मा पुसणं होतं. मग हसू जिथल्या तिथे विरलं. ज्या लेकीचा हेवा वाटला होता ती लेक आपणच. बाबांना आपल्याला काहीतरी सांगायचं आहे, आणि ते नेमकं काय, हे तळघरात एका बटणाच्या अंतरावर आहे.

सोमवारी ती हिरव्या खुर्चीत जाऊन बसली. हेडफोन गळ्यात होते, कानांवर नव्हते. खिडकीतून पाय जात होते. बोट बटणावर होतं. हे कुणालाही कळणार नव्हतं. स्पंजच्या भिंती कुणाला काय सांगणार? आणि ऐकण्याचा हक्क तिच्याइतका कुणाला होता, ती तर प्रत्यक्ष लेक होती. पण विहिरीच्या तळाशी बसलेला तो आवाज दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत होता. लेकीला सांगत नाही, असं त्यानं स्वच्छ म्हटलं होतं. तिला भीती वाटली की हे असं चोरून ऐकलं, तर बाबा आपल्याशी जन्मात खरं बोलणार नाहीत, आणि बोलले तरी ऐकताना आपल्याला नाटक करावं लागेल. तिनं बोट उचललं.

मार्गदर्शक बाईंनी ध्वनिमुद्रण परत घेतलं. नऊ नंबरची आतापर्यंतची सगळी पानंही काढावी लागतील म्हणाल्या, म्हणजे प्रकरण गेलं आणि वर्षही कदाचित लांबेल. रेडिओनं मान डोलावली. बाई म्हणाल्या, यंत्रातलं ऐकू नको एवढाच आमचा नियम आहे, घरातलं ऐकायला बंदी नाही.

संध्याकाळी बाबा कचेरीतून आले. गॅलरीत दोन खुर्च्या समोरासमोर होत्या. रेडिओ एकीत बसली, बाबा दुसरीत. शिकवल्याप्रमाणे ती वाट बघत राहिली आणि मधूनच हळुवार ‘हं’ म्हणाली.

‘ते कॉलेजातलं हं माझ्यावर नको,’ बाबा तिच्या कानाकडे बघत म्हणाले. ‘तसलं हं मी बाहेर पुष्कळ ऐकतो.’ आणि बोलून गेल्यावर चपापले.

‘मला माहितीये, बाबा,’ ती म्हणाली. ‘तुमचं बोलणं माझ्याकडेच आलं होतं. मला कळलं नाही ते तुम्ही आहात. कळलं तेव्हा परत दिलं. लेकीला काही सांगायचंय, इथपर्यंत ऐकलं. पुढचं नाही ऐकलं.’

त्यानंतरच्या शांततेची जात तिला ओळखता आली नाही, आणि तिनं तसा प्रयत्नही केला नाही. खालच्या रस्त्यावर दिवे लागले.

‘कुणाची तरी पोर शिकत असेल, तिच्या कामाला येईल म्हणून सही केली होती,’ बाबा म्हणाले. ‘म्हटलं, आपल्या रेडिओलाही कुणी अशीच सही देत असेल.’ मग त्यांनी विचारलं, ‘मला ओळखलंस कशावरून?’

तिनं उसाशांचं सांगितलं. दुःख, स्वीकार, पेन, सगळं. बाबा हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला, वाफ सोडली, पुसला, आणि तो हातातच धरून बसले.

‘काच स्वच्छच असते गं,’ ते म्हणाले. ‘सवयीनं पुसतो. डोळाच गेलाय मधोमध. डॉक्टर म्हणतात, कडा राहतील, मधलं जाईल. नकाशात रेघेच्या मध्येच रेघ गायब होते. कचेरीत सांगितलंय, पुढच्या महिन्यापासून दुसरं काम देणारेत. तुलाच तेवढं सांगता येत नव्हतं. तू एकदा शिक्षण अर्ध्यावर सोडलंयस. माझ्यापायी दुसऱ्यांदा नको.’

‘नाही सोडणार,’ ती म्हणाली. ‘पण तुम्ही माझ्याकडे बघायचं का सोडलंत? मला वाटलं, रागावलात.’

बाबांनी तिच्या कानाकडे पाहिलं, नेहमीसारखंच.

‘बघतोच तर आहे,’ ते म्हणाले. ‘सरळ बघितलं की तुझ्या चेहऱ्याच्या जागी धुकं असतं. कानाकडे बघितलं की कडेनं थोडीशी दिसतेस. म्हणून तिकडे बघतो.’

रेडिओनं उठून आपली खुर्ची त्यांच्या समोरून काढली आणि त्यांच्या बाजूला, थोडी तिरकी लावली. बसली. मग अजून जराशी सरकवली. बाबांची नजर समोरच्या रिकाम्या जागेवर होती.

‘थांब,’ ते म्हणाले. ‘आता दिसलीस.’