उपग्रह विरुद्ध अप्पा

ऐका बे, मधी बोलू नका, न्हाईतर मी इसरतो. आपला रवि मन्मथप्पाच्या क्लासात कॉम्प्युटरचं बघतो ना, त्याची नोकरी रविवारी जाता जाता राहिली. आन् मी तिथंच होतो, परीक्षेला बसलेलो.

झालं काय, मागच्या सराव परीक्षेत प्रत्येक कॉम्प्युटरचं घड्याळ येगळं. कुणाचा पेपर आधीच बंद पडला, कुणी आरामात सोडवतच बसलं. पालक येऊन अप्पाला लई बोलले. मग अप्पानं रविला सांगितलं, रविवारी एक बी कॉम्प्युटर मागंपुढं झाला तर काम लातूरच्या पार्टीला देतो, तू घरी बस.

रवि भिडला. त्याचं म्हणणं, सगळे एकाच घड्याळाच्या भरोशावर राहिले आन् तेच बिघडलं, तर सगळेच बुडाले. दोन ठेवले आन् त्यांचं जुळलं न्हाई, तर खरं कोण कसं कळावं? म्हणून तीन पायजेत. दोन सर्व्हर अप्पाच्या केबिनमधी, ते इंटरनेटवरून टाइम घेणार. तिसरी एक डबी, तिचा अँटेना गच्चीवर, ती थेट उपग्रहाकडून घेणार. तिघांत एक येडा निघाला तर बाकीचे दोघं त्याला पाडतेत. हे सगळं त्यानं हॉटेलात चहाचे कप मांडून आमाला आठवडाभर शिकवलं. चहा गार आन् आमी बी गार.

रविवारी बघतो तर काय, सगळ्या स्क्रीनवर सेकंदाला सेकंद जुळलेला. अप्पानं रविच्या पाठीवर थाप मारली. गड्याची छाती अशी फुगली, शर्टाचं बटण जायचं राहिलं. तेवढ्यात त्यानं मोबाइल बघितला आन् तोंडच उतरलं. अख्खी खोली दहा मिनिटं पुढं. पेपर आपोआप चालू व्हायला आलता आन् नेकनूरच्या बसची पोरं अजून यायचीच होती.

पोरांनी कॉपी करू नये म्हणून अप्पानं सकाळीच नेट बंद केलतं, म्हणून सर्व्हरांना बाहेरचा टाइम मिळंना. ते केलं ते केलं, वर बसल्या बसल्या दोन्ही सर्व्हरची घड्याळं पुढं सारली. कावून? तर त्यांच्या किराणा दुकानातलं बी पुढंच असतंय, देवघरातलं बी. घड्याळ पुढं असलं की माणूस बस गाठतो म्हणे. आन् पासवर्ड रविनंच त्यांना दिलेला, मालक म्हणून.

बिचारा उपग्रह एकटाच खरं सांगत होता, आन् कॉम्प्युटरांनी त्यालाच येड्यात काढला.

आता रवि गप बसला असता तर नोकरी पक्की. सगळे कॉम्प्युटर सारखेच होते की. पर पेपर चालू झाल्यावर कुणाला आत घेत न्हाईत, बसची पोरं बाहेर राहिली असती. तो गेला अप्पाकडं.

"अप्पा, दोन मतं तुमची झाली, म्हणून उपग्रह पडला."

अप्पाला कॉम्प्युटरचं काय कळतंय देव जाणे, पर मताचं लगेच कळलं. सोसायटीच्या निवडणुका लढलेला माणूस.

"म्हंजे सगळे माझ्या बाजूनं हायेत. मग तुला काय दुखतंय?"

वर्षाराणी मॅडम, अप्पाची लेक, तिथंच गणित शिकवती. ती शांतपणे म्हणली, "अप्पा, बाहेर राहिलेल्या पोरांचे बाप तुमच्याच दारात येतेन. लातूरच्या पार्टीच्या न्हाई."

अप्पानं मिशीवरून हात फिरवला. "एक मत फोडलं तर?"

"एक बास हाय," रवि म्हणला.

अप्पानं स्वतःच्या हातानं एक सर्व्हर बरोबर केला. रविनं सगळे कॉम्प्युटर बंद करून चालू केले, आन् अख्खी खोली उपग्रहाला जाऊन मिळाली. सोसायटीत बी असंच झालतं, आपलाच माणूस फुटलता, असं अप्पा पुटपुटत होते. नेकनूरची पोरं धापा टाकत आली, बसली, आन् सगळ्यांचा पेपर एकाच टायमाला चालू, एकाच टायमाला बंद.

मग अप्पानं रविला केबिनमधी बोलावलं. आमाला वाटलं, गेला. पर अप्पानं त्याच्यासमोरच लातूरला फोन लावून नको म्हणून सांगितलं.

"आता पासवर्ड बदल," म्हणले, "आन् मी मागितला तरी देऊ नको."

कालपासून दोनदा मागितला म्हणे. रविनं दिला न्हाई.