तिसरा ऑपरेटर

भाषणात एक सोपं उदाहरण असावं, एवढीच तिची इच्छा होती. दुपारी तीनला सभागृहात देशोदेशीचे गणिती बसणार, त्यांच्यासमोर कोरडं प्रमेय काय वाचायचं? म्हणून सकाळी चहाचा कप बाजूला सारून तिने तीन छोटे मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचे चौकोनी तक्ते, घेतले आणि लॅपटॉपवर हिशेब लावला.

विभागात तिला शेंडेफळ म्हणत, कारण सरांची ती शेवटची विद्यार्थिनी. सर निवृत्त होत होते, परिषद त्यांच्याच सन्मानार्थ होती, आणि समारोपाचं भाषण तिचं. विषय सरांच्या आयुष्यभराचा. ऑपरेटर म्हणजे बाणाला वळवणारं यंत्र समजा. ते बाण आखूड करेल, पण लांब कधीच करणार नाही. अशा दोन यंत्रांचं आपसात पटत असेल, म्हणजे आधी कोणतं चालवलं याने फरक पडत नसेल, तर त्यांना एका मोठ्या जागेत नेता येतं. तिथे ती काहीच आखूड करत नाहीत, नुसती फिरवतात, आणि आपली मूळ यंत्रं त्या फिरण्याची सावली ठरतात. तिसरं यंत्र आलं की हे नेहमी जमत नाही. दोघांत तिसरा, तसंच. पण तिसऱ्यावर एक साधी अट घातली तर जमतंच, असं सर छातीठोकपणे सांगत आले होते. शेवटी शेंडेफळाने ते सिद्धही केलं होतं.

उदाहरणासाठी तिने एक बहुपदी निवडली होती. आकाराने एकाहून मोठ्या नसलेल्या कुठल्याही तीन संख्या तिच्यात घाला, उत्तराचा आकार पाचाच्या वर जात नाही. अट नसलेली तीन यंत्रं घातली तर तो सहापर्यंतही जातो, हे जुनंच ठाऊक होतं. पण प्रमेय खरं असेल तर अट पाळणारी यंत्रं म्हणून हे तीन मॅट्रिक्स घातले तरी तो पाचाच्या वर जाता कामा नये.

तो साडेपाचाच्या आसपास आला.

तिने पुन्हा केलं. मग कागदावर, हाताने. मॅट्रिक्सचं आपसात पटत होतं, कोणी काही लांब करत नव्हतं, अटही पाळली जात होती. तिने कागद दूर सारला.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं. तो दाताचा डॉक्टर, दवाखान्यात निघण्याच्या गडबडीत.

"प्रमेय खोटं आहे."

"थोडंसं, की पूर्ण?"

"थोडंसं खोटं असं काही नसतं रे!"

"मग ते दुखऱ्या दाढेसारखंच," तो बूट घालत म्हणाला. "आज नाही काढलीस तर उद्या गाल सुजेल. सरांना सांग जा."

ती रिक्षासाठीही थांबली नाही, सरांच्या घराकडे चालतच सुटली. वाटेत मनातल्या मनात सिद्धता उलगडत होती, आणि पुलाच्या मध्यावर तिला भोक सापडलं. पहिल्या दोघांना मोठ्या जागेत नेलं, मग तिसऱ्याला नेलं. पण तिथे गेल्यावरही तिघांचं पटेल हे तिने गृहीत धरलं होतं. का धरलं? सर म्हणाले होते, उघड आहे. तिलाही उघड वाटलं होतं.

दार काकूंनी उघडलं. सर आत कोट अंगावर चढवून आरशासमोर उभे होते.

"मोजायला चुकली असशील," कागद न बघताच ते म्हणाले.

"तीनदा मोजलं, सर."

मग त्यांनी कागद घेतला, खिडकीशी नेला. ओळीओळीवर बोट फिरवलं. मग घडी करून तो परत दिला.

"आज नको. आज ठरलंय ते बोल. परिषद उरकू दे, पुढच्या आठवड्यात निवांत बघू."

"पण सर..."

"एवढं ऐक माझं."

काकूंनी दिलेलं पाणीही तिला प्यायला जमलं नाही. बाहेर पडून ती सभागृहाभोवती घिरट्या घालत राहिली. कधी वाटे, एका दुपारचा तर प्रश्न आहे, म्हाताऱ्या माणसाचं मन राखावं. कधी वाटे, एवढ्या लोकांसमोर उभं राहून धडधडीत खोटं कसं बोलायचं? जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती.

तीन वाजता तिने फळ्यावर प्रमेय लिहिलं. पहिल्या रांगेत सर मान ताठ करून बसले होते. तिने खडू खाली ठेवला.

"आज सकाळपर्यंत मी हे खरं मानत होते," ती म्हणाली. "ते खरं नाही. का नाही, ते दाखवते."

सभागृहात कुजबुज उठली. ती तीन मॅट्रिक्स लिहीत असताना सर उठले आणि मधल्या वाटेने बाहेर गेले. तिने वळून पाहिलं, पण हात थांबला नाही. शेवटी टाळ्या झाल्या. एक पाहुणी बाई धावत पुढे आली, "केवढी सुंदर गोष्ट सापडलीय तुम्हाला!" म्हणाली. शेंडेफळ हो हो म्हणत दाराकडेच बघत होती.

सर शेजारच्या रिकाम्या वर्गात सापडले. कोट खुर्चीवर टाकलेला, बाह्या खडूने पांढऱ्या, फळ्यावर तेच तीन मॅट्रिक्स.

"बरोबर आहे तुझं," ते पाठमोरेच म्हणाले.

"सर, मी तुमचं ऐकलं नाही."

"नाही ऐकलंस. आणि तू ऐकणार नाहीस हे मला सकाळीच कळलं होतं. राग त्याचाच आलाय." ते वळले. डोळे लाल होते. "राग जाईल तेव्हा जाईल. आत्ता घरी जा."

परिषदेच्या रात्रीच्या जेवणाला तिच्या शेजारी त्यांनी खुर्ची घेतली नाही, निरोपही घेतला नाही. पुढे कित्येक दिवस फोन नाही. तिने दोनदा त्यांचा नंबर काढला आणि फोन परत ठेवला. नवरा म्हणे, दाढ काढल्यावर काही दिवस ठणकणारच. तिला ती उपमा आता नकोशी झाली होती.

मग एका सकाळी सरांचा फोन आला. ना नमस्कार, ना चौकशी.

"साडेपाचाचे सहा होतात का गं? की अट त्याला कुठेतरी आधीच अडवते?"

"माहीत नाही, सर."

"मला झोप नाही त्यापायी. ये इकडे."

"आत्ता?"

"मग काय, मुहूर्त काढू?"

तिने फोन ठेवला. चपला कुठे काढल्या होत्या तेच तिला आठवेना.